गुलाबाईचा डबा

माझ्या फोनवर रोज सकाळी एक शब्द यायचा. पुण्याकडच्या कुणीतरी काढलेला चित्रांचा ग्रुप होता. सकाळी शब्द, मग दहा मिनिटांत चित्र, जसं जमेल तसं, खोडायचं नाही, आणि संध्याकाळच्या आत फोटो टाकायचा. मी नंदुरबारात ब्लाउज शिवते आणि साड्यांवर रंगकाम करते. दिवसभर गिऱ्हाइकांच्या पसंतीचे मोर आणि कोयऱ्या काढून हात विटतो, म्हणून मी त्या ग्रुपात शिरले होते. पण शब्द काय एकेक! ‘धुकं’. ‘समुद्र’. ‘कॅफेतलं टेबल’. आता आमच्या गावात धुकं मी कुठून पैदा करू? हिवाळ्यात वाळत घातलेल्या मिरचीच्या पथाऱ्यांवरून वारा सुटला की डोळे चुरचुरतात आणि समोरचं काही दिसत नाही, तेवढंच आमचं धुकं. मी तेच काढून टाकलं. कुणी अंगठासुद्धा दिला नाही.

त्याच हिवाळ्यात माझ्या मोठ्या बहिणीचं डायलिसिस सुरू झालं. तिचं सासर म्हसावदकडं, घराभोवती केळी आणि पपई, आणि पोटॅशियम वाढतं म्हणून डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी दोन्ही बंद करून टाकली. शहाळं बंद, बटाटा बंद, आंबा तर बघायचासुद्धा नाही. पाण्याला एक छोटा स्टीलचा पेला ठरवून दिला. दिवसभरात तो चारच वेळा भरायचा, त्याच्यावर घोटभर नाही. तसला एक पेला तिच्या घरी, एक माझ्याकडं आणि एक माहेरी आमच्या आईकडं ठेवला होता. सोमवारी आणि गुरुवारी ती नंदुरबारच्या सरकारी दवाखान्यात यायची. मेहुणे तिला सोडून शेताकडं परत जायचे आणि मी तिच्याजवळ बसायचे.

त्या खोलीत वेळ जाता जात नाही. डाव्या हातात दोन जाड सुया, हात हलवायचा नाही, रक्त नळीतून मशीनमध्ये जातं आणि दुसऱ्या नळीतून परत येतं. चार तास ते बघत राहायचं. ताईला सगळ्यात जास्त त्रास तहानेचा. ओठांवरून जीभ फिरवायची आणि दाराकडच्या पाण्याच्या माठाकडं बघायची. मला ते बघवायचं नाही. एक दिवस तिचं लक्ष दुसरीकडं जावं म्हणून मी फोनवरचा शब्द तिला वाचून दाखवला आणि तिच्या मांडीवर कागद ठेवला. त्या दिवशी ‘समुद्र’ होता.

“समुद्र तुन्हा बापनी तरी देखा का वं?” ती म्हणाली. बाप तिचाही तोच, पण माझ्यावर डाफरताना तो नेहमी माझा एकटीचा व्हायचा.

“मग तू सांग काय काढायचं.”

तिनं जरा विचार केला आणि विचारलं, आपला गुलाबाईचा डबा कुठं शे? भादव्यात आम्ही पोरी घरोघर गुलाबाईची गाणी म्हणायचो आणि शेवटी खाऊ ओळखायचा असायचा. घरातली बाई बंद डबा घेऊन यायची, तो कानाशी धरून हलवायचा, आणि आवाजावरून आत काय आहे ते सांगायचं. शेंगदाणे, मुरमुरे, खोबरं, लाडू. ओळखलं की डबा उघडायचा. आमच्याकडं आईचा जाड पितळी डबा होता, झाकण इतकं घट्ट की उघडताना आईला तो पायात धरावा लागायचा. ताईचं कधी चुकायचं नाही. माझं कधी बरोबर यायचं नाही. मी कायम लाडू म्हणायचे, कारण मला लाडू हवे असायचे.

पुढच्या वेळी मी तो डबा माहेरून मागवला आणि पुण्याच्या शब्दांना रामराम ठोकला. आमचा नियम ताईनं ठरवला. डब्यात मी काहीतरी घालून आणायचं. तिनं मोकळ्या हातानं तो कानाशी हलवायचा, न उघडता जे सुचेल ते झटपट काढायचं, आणि मगच झाकण उघडायचं. आणखी एक, खायचं काही आत घालायचं नाही.

“माले दखाडू नको बस,” ती म्हणाली.

तिनं आयुष्यात रांगोळीपलीकडं काही काढलं नव्हतं. पेन्सिल तिनं लाटणं धरल्यासारखी मुठीत धरली. पहिल्या दिवशी मी वाळलेल्या मिरच्या घातल्या होत्या. डबा हलवला, आत बी खुळखुळलं, तिनं डोळे मिटले, आणि तोंडाला पदर बांधून पथारीवर वाकलेली एक बाई काढली. मिरची एकसुद्धा नाही. चिंचोके घातले तर तिनं आमच्या जुन्या घराचं अंगण काढलं, त्यात दोन पोरी, एक रडतेय. रडणारी मीच, हे तिला सांगावं लागलं नाही. चित्र वाकडंतिकडं, हात लांब, पाय आखूड, पण मला माझ्या रंगवलेल्या साड्यांची लाज वाटली. मी दर खेपेला फोटो काढायचे. ग्रुपात मात्र एकही टाकला नाही. त्यांचा काय संबंध?

शेजारच्या पलंगावर एक चाचा असायचे, गाद्या-रजया भरणारे पिंजारी. म्हातारे, पण जिभेला हाड नाही. त्यांनीही खेळात हात घातला. एकदा त्यांनी माझ्याकडून डबा मागून घेतला आणि आत गच्च कापूस भरून आणला. ताईनं हलवला, पुन्हा हलवला, आवाजच नाही.

“चाचा, रिकामा दिधा ना!”

“हल्का है, पर खाली नहीं,” चाचा हसून म्हणाले. ताईनं बराच वेळ विचार केला आणि शेवटी उशीवर डोकं ठेवलेला एक म्हातारा काढला. उघडून कापूस बघितला तेव्हा चाचांनी कपाळावर हात मारून घेतला. ते चित्र त्यांनी मागून घेतलं आणि घडी घालून खिशात ठेवलं.

हेच चाचा दर खेपेला एक केळं घेऊन यायचे. सुया टोचल्या, मशीन सुरू झालं, की सिस्टरची पाठ वळायची वाट बघायची आणि केळं सोलायचं. त्या खोलीत बहुतेकांचं तसंच चालायचं. आठवडाभर जे वर्ज्य, ते मशीन चालू झालं की गुपचूप तोंडात टाकायचं. कुणी वडापाव, कुणी द्राक्षं. मशीन रक्त धुतंय, तर हेही धुऊन निघेल, असा सगळ्यांचा हिशेब. सिस्टर ओरडायच्या, पण रोज किती ओरडणार?

“खा ले बहन, मशीन सब धो डालेगी,” चाचा ताईला म्हणायचे. ताई कधी घ्यायची नाही. नुसती त्यांच्या केळ्याकडं बघायची.

एकदा घरी परतताना तिनं मला विचारलं, “खरंच का वं, मशीन धोई टाकस सगळं?” मी तिच्यावर खेकसले. म्हटलं, चाचांचं ऐकशील तर मार खाशील माझा. तेव्हा माझी किडनी तिला जुळल्याचं कळून महिना झाला होता. सुरतच्या दवाखान्यात सगळ्या तपासण्या झाल्या होत्या. माझा नवरा काही दिवस घुम्यासारखा वावरला आणि मग एका सकाळी दाढी करता करता म्हणाला, “सुरतला खोली किती दिवसांची बघू?” ऑपरेशनची तारीख आखाजीनंतरची, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरची, मिळाली होती. तोवर ताईनं तब्येत सांभाळायची, एवढंच काय ते उरलं होतं. सुरतचे डॉक्टर तिच्या तोंडावर बोलले होते की मध्ये काही बिघडलं तर सगळं राहील.

“तुन्ही किडनी लिसन मी तुन्हासारखी भांडकुदळ व्हसू का?” ताई म्हणायची.

“झालीस तर बरंच होईल. सासूला दोन शब्द सुनावशील.”

ती खूप हसायची त्यावर. असं वाटायचं, होईल. खरंच वाटायचं.

आखाजी रविवारी आली. आमच्याकडं आखाजी म्हणजे लेकींचा सण. सासरची कितीही कामं असू देत, लेक माहेरी यायचीच. ताईनं हट्ट धरला. म्हणाली, सोमवारी सकाळी माहेरूनच दवाखान्यात जाऊ, त्यात काय? आईचं घर प्रकाशा गावाजवळ, तापीच्या पलीकडं. मी म्हटलं, मीही येते, तुझ्या ताटासमोर बसून राहते. आणि बसले. आईनं सांजोऱ्या केल्या होत्या, कुरडया तळल्या होत्या, मोठं पातेलंभर रस काढला होता. आमच्या परसातला आंबा गावात सगळ्यात आधी पिकतो, लहान लहान, रेषाळ, पण गोड म्हणजे अगदी गोड. सवयीनं आईनं ताईच्या ताटातही रसाची वाटी ठेवली. मी काही बोलायच्या आत तिच्या लक्षात आलं. तिनं वाटी उचलली आणि तोंड फिरवून चुलीकडं गेली. ताई बिनमिठाची पोळी कोरडीच चावत राहिली.

दुपारी बाहेर कडुलिंबाला झोका बांधला होता. गल्लीतल्या सगळ्या पोरीबाळी, लेकी, सुना जमल्या होत्या. आई मला म्हणाली, तू जाय, मी बठस तिन्हाजवळ. ताई मधल्या खोलीत आडवी झाली होती. घरातली तीच काय ती थंड खोली. आंब्याची अढीसुद्धा तिथंच असते, पलंगाखाली गवतात मांडलेली. मी बाहेर गेले. झोक्यावर बसले, गाणी म्हटली, थट्टा केली, खूप दिवसांनी मोकळं वाटलं.

ऊन उतरल्यावर आत आले तर ताई पलंगावर उठून बसलेली. चेहऱ्यावर असं हसू की मला लहानपणची ताई आठवली. माझ्या पिशवीतला पितळी डबा तिनं काढून घेतला होता आणि रुमालात गुंडाळून वर गाठ मारली होती.

“दर टाइमले मीच काढस. सोमवारले तू काढ,” ती म्हणाली. “तवलोंग उघडू नको. मन्ही आण शे तुले.”

मी डबा कानाशी धरला. जड होता. हलवला तर आवाज नाही.

“कापूस!”

“इतला जड?” ती म्हणाली, आणि तोंडावर पदर घेऊन हसत सुटली. मी डबा पिशवीत टाकला. सोमवारी मजा येईल असं मला वाटलं होतं.

सोमवारी सकाळी भावानं जीप आणली. ताईला पायरी चढवेना. म्हणाली, पाय जड झालेत, उचलत नाहीत. प्रकाशाचा पूल ओलांडला तेव्हा तिनं माझ्या खांद्यावर मान टाकली. मी म्हटलं, झोप, पोचलो की उठवते. दवाखान्याच्या दारात मी तिला उठवायला लागले. डॉक्टर धावत आले, छाती दाबली, इंजेक्शनं दिली. मग थांबले. रक्तातलं पोटॅशियम एकदम वाढलं आणि हृदय बंद पडलं, असं त्यांनी सांगितलं. काय खाल्लं होतं, असं विचारलं. मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, “काही नाही. मी स्वतः समोर बसले होते.”

वरच्या मजल्यावर मशीन तयार होतं. सिस्टरनं नवी चादर घालून ठेवली होती.

दिवस झाले, माणसं पांगली. अढीकडं कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आंबे तिथंच सडले, भावानं सगळं गवतासकट उकिरड्यावर नेऊन टाकलं. डबा मी माझ्या कपाटात साड्यांच्या मागं ठेवून दिला, रुमालाची गाठ तशीच. आधी चित्र, मग झाकण, असा नियम होता, आणि चित्र काढायला माझा हात उठत नव्हता. फोनवर शब्द येत राहिले. एका सकाळी ‘आनंद’ आला, तेव्हा मी त्या ग्रुपातून बाहेर पडले.

मग एक दिवस भावाचा फोन आला. म्हणाला, माय पाणी पीत नाही. नुसता तो ताईचा छोटा पेला घेऊन बसते, तो सकाळी एकदा भरते आणि घोट घोट दिवसभर पुरवते. मे महिना, आमच्या तापीकाठचं ऊन, आणि तिचं वय झालेलं. एकदा ओट्यावर चक्कर येऊन पडली. सलाईन लावून आणलं, पुन्हा तेच. मी त्याच दिवशी गेले. तिची जीभ कोरडी पडलेली, हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. मी आधी समजावलं, मग ओरडले, मग पाया पडले. तेव्हा कुठं ती बोलली.

“मी तिले पानी दिधं वं,” ती म्हणाली. “तू झोकावर व्हती. म्हने, माय, तीस लागनी. नवी घागरनं थंड पानी. मी पुरा तांब्या दिधा. मन्हा हातनं पानी पिसन गयी ती.”

मी तिला सांगितलं की ताई पाण्यानं गेली नाही. डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. एका तांब्यानं काही होत नाही. आई नुसती मान हलवत राहिली. डॉक्टर तुला बरं वाटावं म्हणून बोलले, म्हणाली. तिनं काहीच खाल्लं नव्हतं, तूच तर समोर बसली होती, मग माझ्या पाण्यानं नाही तर कशानं गेली? माझेच शब्द ती माझ्या तोंडावर फेकत होती.

डबा मी येताना पिशवीत घालून आणला होता. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. ताईची शेवटची वस्तू आहे, आईजवळ बसून उघडावी, एवढंच मनात होतं. मी तो काढून तिच्यापुढं ठेवला आणि त्याची हकीकत सांगितली. ताईनं आण घातली होती, म्हणून आधी कागद घेतला. डबा कानाशी धरला. जड, आणि मुका. मला वाटलं, त्या दुपारी ती गुपचूप नदीवर जाऊन आली असणार, तापीची ओली रेती भरून आणली असणार. मी नदी काढली. काठावर पाय सोडून बसलेली ताई काढली, ओंजळीत पाणी, पाहिजे तेवढं. काढता काढता कागद ओला झाला.

आई माझ्या हाताकडं बघत होती. तिनं डबा स्वतःकडं ओढला. गुलाबाईला हाच डबा तीच भरायची, तिला कधी ओळखावं लागलं नव्हतं. तिनं तो हलवलासुद्धा नाही. गाठ सोडली आणि झाकणाला नाक लावलं.

“आंबा,” ती म्हणाली. “मन्हा झाडना शे.”

डबा तिनं पायात धरला आणि झाकण ओढलं. आंबूस वास खोलीभर झाला. आत कोया होत्या. डबा काठोकाठ भरलेला, एकीला हलायला जागा नाही अशा खच्चून दाबलेल्या, म्हणून तो वाजत नव्हता. काहींवर काळी बुरशी चढली होती, पण सगळ्या पांढऱ्या होईपर्यंत चोखलेल्या, रेषा न् रेषा. सालं तिनं मागच्या खिडकीतून शेळीला टाकली असणार. आई पाणी आणायला किंवा आलेल्या बायकांशी बोलायला उठली असेल तेवढ्यात, पलंगाखाली हात घालून, एकामागून एक. आणि मी बाहेर झोक्यावर गाणी म्हणत होते.

मला तेव्हा सगळं कळलं. लोक नंतर मला हळूच विचारायचे की तिनं जिवाला कंटाळून तर नाही ना केलं. मुळीच नाही. जिला मरायचंय ती सोमवारचा बेत करत नाही. तिला सोमवारी सुया टोचून घ्यायच्या होत्या, मशीन सुरू झालं की मला डबा उघडायला लावायचा होता, माझं तोंड बघायचं होतं, आणि चाचांना दाखवायचं होतं, की बघा, तुम्ही एक केळं खाता, मी डबाभर आंबे खाल्ले. मशीन धोई टाकस सगळं. पण चाचा केळं खायचे ते मशीन चालू असताना. हिच्या आणि मशीनच्या मध्ये एक अख्खी रात्र होती, आणि मागचे तीन दिवस रक्तात साठलेलं सगळं होतं.

आईनं कोया एकेक करून पदरात घेतल्या. प्रत्येकीवरून अंगठा फिरवला.

“काहीच ठेवं नही तिनी,” ती म्हणाली. मग रडायला लागली. ताई गेल्यापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. “येडी पोर. माले सांगती, तं रस काढी देती ना वं मी.”

मी म्हटलं, “दिला असतास?”

तिनं हातातली कोय पदरात ठेवली. मग म्हणाली, “पानी दे.”

मी कोनाड्यातला छोटा पेला घेतला.

“तो नको. तांब्या दे.”

मी घागरीतून तांब्या भरून दिला. ती दोन्ही हातांनी धरून प्यायली, गळ्यावरून पाणी ओघळलं, पदरातल्या कोयांवर सांडलं. मी समोर बसून बघत होते, आणि खरं सांगते, त्या घडीला मला दुःख झालं नाही. ताईचा राग आला. इतका राग की ती समोर असती तर तिच्या मुस्काटात मारली असती. माझ्या दोन्ही किडन्या अजून जागच्या जागी आहेत, पोटावर साधा ओरखडा नाही. त्यातली एक तिची होती. ती देऊन टाकायची मी मनाची तयारी केली होती, आणि तिला एक रात्र धीर धरवला नाही.